नहर-ए-अंबरी ते नाथसागर : पदवीस्तरीय पर्यावरणशास्त्राच्या क्षेत्रकार्यासाठी एक स्थानिक पाठ

बीजसंज्ञा : पर्यावरण शिक्षण, क्षेत्रकार्य, नहर, भूजल, उलटा सायफन, खाम नदी

प्रस्तावना :

शिक्षणाच्या सर्व स्तरांवर पर्यावरण हा विषय सक्तीचा असावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर दिला. त्याची पदवीस्तरावर प्रत्यक्ष अंमलबजावणी होण्यास एक तप लोटले. विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा गाभा अभ्यासक्रम तयार केला आणि त्यासाठी पुण्याच्या भारती विद्यापीठातील डॉ. एराक भरूचा यांनी पाठ्यपुस्तक लिहिले. या अभ्यासक्रमाच्या ५० तासिकांपैकी ५ तासिका आणि १०० गुणांपैकी २५ गुण क्षेत्रकार्यासाठी राखून ठेवलेले होते. परिसरातील नदी, डोंगर अथवा गवताळ प्रदेश पाहावा, एखादे प्रदूषित स्थळ पाहावे आणि त्याची नोंद करावी, अशी ती साधी अपेक्षा होती. पुढे २०२३ मध्ये आयोगाने पदवीस्तरीय पर्यावरण शिक्षणाचा नवा आराखडा प्रसिद्ध केला, त्यातही क्षेत्रकार्याचे स्थान कायम आहे.

परंतु या २५ गुणांचे प्रत्यक्षात काय होते, हे आपण सर्व अध्यापक जाणतो. प्रकल्पवह्या दरवर्षी येतात. मुखपृष्ठ बदलते, आतील मजकूर बहुधा तोच असतो. वृत्तपत्रातील कात्रणे, हरितगृह परिणामाची आकृती, गंगेच्या प्रदूषणावर दोन पाने आणि शेवटी वृक्षारोपणाचे आवाहन. ज्याच्या घरच्या नळाला काही दिवसांआड पाणी येते तो विद्यार्थी पाणीटंचाईचे उदाहरण म्हणून राजस्थानची माहिती लिहितो. यात विद्यार्थ्याचा दोष अल्प आहे. शंभर-सव्वाशे विद्यार्थ्यांच्या वर्गाला घेऊन कोठे जावे आणि तेथे नेमके काय दाखवावे, याची तयारी आपलीच नसते. विशेषतः भाषा व सामाजिकशास्त्रे या विषयांच्या अध्यापकांकडे हा पेपर सोपविला जातो, तेव्हा ही अडचण अधिक जाणवते.

प्रस्तुत लेखात छत्रपती संभाजीनगर शहराच्या पाण्याच्या मार्गाने जाणारे एक क्षेत्रकार्य मांडले आहे. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत आणि शहराबाहेर फारसे जावेही लागत नाही. भूजल, द्रवाचा दाब, ऊर्जा आणि जलप्रदूषण हे अभ्यासक्रमातील चार घटक या एका वाटेवर क्रमाने भेटतात.

खडक आणि पाणी :

प्रारंभ नहरीपासून न करता खडकापासून करावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या पाठीमागील डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. इतिहासाच्या दृष्टीने ती विद्यार्थ्यांनी पाहिलेली असतात, पण तीच लेणी भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने क्वचितच पाहिली जातात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार घडले. लेण्यांच्या कातळात हे थर उघडे पडलेले दिसतात. एखादा थर घट्ट, अखंड व काळा असतो, तर एखाद्यात वायूचे बुडबुडे अडकून राहिल्यामुळे असंख्य छिद्रे असतात आणि त्या छिद्रांत पांढरी खनिजे भरलेली आढळतात. पृष्ठभागाजवळचा खडक ऊन-पावसाने कुजून त्याचा मुरूम झालेला असतो.

भूजलाचे सगळे गणित या तीन प्रकारांत सामावले आहे. अखंड काळ्या पाषाणात पाणी जवळजवळ शिरत नाही. मुरमात आणि भेगाळलेल्या खडकात ते शिरते, साठते व उताराच्या दिशेने अत्यंत सावकाश झिरपत जाते. मराठवाड्यातील विहीर खोदणाऱ्या कोणत्याही माणसाला हे ठाऊक असते. तरीही ‘जमिनीखाली नद्या वाहतात’ ही समजूत पदवीधरांतही दृढ आहे, आणि पाणाड्याच्या तळहातावरील नारळावर शहरातील सुशिक्षित बोअर घेतात ते याच समजुतीपोटी. लेण्यांपाशी उभे राहून, दोन थरांच्या सांध्यावर दिसणारी ओल विद्यार्थ्यांना बोटाने दाखवावी. भूजल म्हणजे वाहती नदी नसून खडकाच्या फटींत मुरलेली ओल आहे, हे तेथे एका दृष्टिक्षेपात कळते.

येथेच एक छोटे गणित करून घ्यावे. या भागात वर्षाकाठी सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एक हेक्टर क्षेत्रावर एवढा पाऊस पडला तर त्याचे आकारमान ७,००० घनमीटर, म्हणजे ७० लाख लिटर होते. त्यातील बरेचसे पाणी वाहून जाते आणि बरेचसे बाष्परूपाने परत जाते. बेसाल्टच्या प्रदेशात दशांशाच्या आसपास पाणी जमिनीत मुरते असे धरले, तर ते सात लाख लिटर होते. कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही हा गुणाकार येतो. आपल्या वसाहतीत किती बोअर आहेत आणि त्या सर्वांचा मिळून दररोज किती उपसा होतो, हे त्याने स्वतः विचारून काढले की उत्तराचा दुसरा भाग त्याच्या हाती येतो.

मलिक अंबरची नहर :

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी येथे नगर वसविले. त्याच्या पुत्राच्या काळात त्याचे नाव फतेहनगर झाले, पुढे १६५३ मध्ये औरंगाबाद आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. राजधानीसाठी जागा मोक्याची होती, परंतु बारमाही पाणी देणारी मोठी नदी जवळ नव्हती. खाम ही डोंगरातून येणारी लहान नदी, पावसाळ्यापलीकडे तिचा भरवसा नाही. या अडचणीवर मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जो उपाय योजला तोच नहर-ए-अंबरी होय.

या योजनेचे मर्म असे की तिच्यात धरण नाही. शहराच्या उत्तरेकडील हर्सूल-जटवाडा परिसरात, खाम नदीच्या खोऱ्यात, जमिनीखालून गॅलरीसारखा बोगदा नेलेला आहे. सभोवतालच्या मुरमातून झिरपणारे पाणी त्यात गोळा होते आणि बोगद्याच्या हलक्या उतारावरून ते शहराकडे वाहत येते. ठिकठिकाणी हवा व उजेड येण्यासाठी आणि गाळ काढण्यासाठी उभी झरोकेवजा विवरे ठेवलेली आहेत. ही कल्पना मूळची इराणी. तेथे तिला कनात किंवा कारेझ म्हणतात. दख्खनमध्ये बीदर येथे याच जातीचे बांधकाम आहे, आणि मलिक अंबरच्या समकाळात १६१५ च्या सुमारास बुऱ्हाणपूर येथे खानखानाने कुंडी भंडाऱ्याची रचना करून घेतली. पाणी जमिनीखालून येत असल्याने उन्हाने त्याची वाफ होत नाही, आणि खडकातून गाळून येत असल्याने ते पृष्ठजलापेक्षा स्वच्छ असते. पेशव्यांच्या काळातील पुण्याची कात्रज योजनाही उताराच्या बळावर पाणी आणते, परंतु तिचा आधार तलाव आहे. या दोहोंतील भेद विद्यार्थ्यांकडून आवर्जून लिहून घ्यावा.

मलिक अंबरच्या पश्चात शहरात आणखी नहरी झाल्या. बेगमपुऱ्यातील थत्ते हौद व थत्ते नहर, पाणचक्कीची नहर ही त्यांतील परिचित नावे. जुन्या वस्त्यांतील हौदांची आठवण असणारी वडीलधारी माणसे अद्याप भेटतात. त्यांच्या मुलाखती हे भाषेच्या विद्यार्थ्यांसाठी उत्तम काम आहे, कारण नहर, हौद, आड, बारव, मोट या शब्दांमागे प्रत्येकी पाण्याची एक वेगळी व्यवस्था उभी आहे. हे शब्द वापरातून गेले की ती व्यवस्था ओळखण्याचे साधनही जाते.

एक सूचना येथे करणे अगत्याचे वाटते. विद्यार्थ्यांना नहरीच्या बोगद्यात अथवा विवरांत कदापि उतरवू नये. शेकडो वर्षांचे बांधकाम ढासळू शकते आणि बंद पोकळीत प्राणवायूचे प्रमाण अपुरे असू शकते. निरीक्षण जमिनीवरूनच करावे.

पाणचक्की आणि ‘सायफन’ या शब्दाचा घोटाळा :

बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यालगतची पाणचक्की १७४४ च्या सुमारास उभी राहिली. डोंगरातील स्रोतापासून काही किलोमीटर मातीच्या नळांतून आलेले पाणी येथे उंच भिंतीतून वर चढते आणि वरून हौदात कोसळते. याच पाण्याच्या जोरावर दगडी जात्याखालील पात्यांचे चक्र फिरते आणि धान्य दळले जाई. आयताकृती हौदाचा तळ हाच खालच्या दालनाचे छत आहे, हेही पाहण्यासारखे आहे.

येथे आलेल्या प्रत्येक वर्गास प्रस्तुत लेखक एकच प्रश्न विचारतो. पाणी वर कसे चढले? हमखास मिळणारी उत्तरे दोन. पहिले, ‘आत पंप असेल.’ दुसरे, थोड्या अभ्यासू विद्यार्थ्याचे, ‘सायफनने.’ पहिले उत्तर चुकीचे असले तरी निरुपद्रवी आहे. दुसरे मात्र अधिक घातक, कारण ते बरोबर वाटते आणि विचार तेथेच थांबतो. ‘सायफनमुळे पाणी आपोआप वर चढते’ असे मानणारा विद्यार्थी नकळत ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमच नाकारीत असतो.

खरा सायफन वेगळा. डब्यातील रॉकेल नळीने काढताना नळी आधी द्रवाच्या पातळीच्या वर जाते आणि मग खाली उतरते. तेथे वातावरणाच्या दाबाचे साहाय्य लागते, म्हणून पाण्याच्या बाबतीत ही चढण सुमारे १० मीटरपेक्षा अधिक असू शकत नाही. पाणचक्कीकडे येणारा नळ याच्या नेमका उलट आहे. तो उगमापासून खाली उतरतो, सखल भागातून जातो आणि शेवटी पुन्हा वर येतो. त्यास उलटा सायफन म्हणतात, आणि त्यामागील तत्त्व सातवी-आठवीत शिकलेलेच आहे. जोडलेल्या भांड्यांत द्रव समान पातळी गाठू पाहतो. डोंगरातील उगम पाणचक्कीच्या भिंतीच्या माथ्याहून उंचावर आहे, म्हणून पाणी माथ्यापर्यंत येते. उगमाहून उंच ते एक बोटभरही चढणार नाही. उलट नळाच्या आतील घर्षणामुळे थोडी उंची वाटेतच खर्ची पडते.

हे सिद्ध करण्यास प्रयोगशाळा नको. गवंडी दोन भिंतींची पातळी जुळविण्यासाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतो. तशी चार-पाच मीटर नळी सोबत न्यावी. दोन विद्यार्थ्यांनी दोन टोके धरावीत, मधला भाग जमिनीवर लोंबू द्यावा आणि एक टोक हळूहळू खाली न्यावे. ते टोक दुसऱ्या टोकातील पातळीच्या खाली गेले की पाणी बाहेर पडते. तीन मिनिटांच्या या प्रयोगानंतर ‘सायफनने’ हे उत्तर पुन्हा कानी येत नाही, असा अनुभव आहे.

यातून पुढील प्रश्न निघतो. सखल भागातील नळावर दाब किती? पाण्याच्या १० मीटर उंचीच्या स्तंभाचा दाब जवळपास एका वातावरणाइतका असतो. म्हणजे नळ जितका खोल उतरेल तितका तो फुटण्याचा धोका अधिक. मातीचा भाजलेला नळ एवढा ताण एकट्याने सोसणार नाही, म्हणून तो चुन्याच्या बांधकामात पक्का बसविलेला असे. वाटेत मध्येमध्ये वरून उघडे मनोरे उभारले जात. पाणी मनोऱ्यात चढून पुन्हा उतरे, त्यामुळे अडकलेली हवा निघून जाई आणि दाब मर्यादेत राही. वीज, पंप अथवा दाबमापक नसताना ही समज होती. तिला चमत्कार म्हणण्याचा मोह टाळावा, कारण चमत्कार म्हटले की समजून घेण्याची जबाबदारी संपते.

चक्कीच्या शक्तीचे गणितही करण्याजोगे आहे. उदाहरणादाखल धार सेकंदाला २० लिटर आणि पडण्याची उंची ६ मीटर मानू. वस्तुमान, गुरुत्वीय त्वरण व उंची यांचा गुणाकार २० × ९.८ × ६, म्हणजे सुमारे १,१७६ वॅट. निम्मी शक्ती वाया गेली तरी सुमारे ६०० वॅट उरते. आजच्या एक अश्वशक्तीच्या घरगुती आटाचक्कीची मोटार ७४६ वॅटची असते. प्रत्यक्ष धार व उंची विद्यार्थ्यांनी स्वतः अजमावावी. बादली आणि घड्याळ एवढ्यावर ओढ्याची किंवा मोकळ्या नळाची धार मोजता येते, हौदावर मात्र दुरूनच अंदाज बांधावा लागतो.

नाथसागर आणि चढावरचे पाणी :

नहरींच्या बळावर चाललेले शहर वाढले आणि हर्सूल तलाव व त्यानंतर जायकवाडी हे त्याचे आधार झाले. पैठणजवळील या धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी तत्कालीन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. दहा किलोमीटर लांबीचा हा मातीचा बांध उथळ व विस्तीर्ण जलाशय अडवितो. उथळपणामुळे पाण्याचा पृष्ठभाग मोठा आणि म्हणून बाष्पीभवनही मोठे. नहरीच्या भूमिगत प्रवाहाशी ही तुलना विद्यार्थ्यांच्या सहसा स्वतःहून लक्षात येते.

न येणारी गोष्ट ऊर्जेची. नाथसागराची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर आणि शहराची उंची साधारणतः ५६८ मीटर. म्हणजे पाणी किमान १०० मीटर चढवावे लागते. एक घनमीटर पाणी १०० मीटर वर नेण्यास ९८० किलोज्यूल, म्हणजे ०.२७ युनिट वीज लागते. दररोज १० कोटी लिटर पाणी आणावयाचे असे उदाहरणासाठी धरले, तर २७ हजार युनिटांहून अधिक वीज केवळ चढावर खर्च होते. जलवाहिनीतील घर्षण व पंपातील ऱ्हास यांत धरलेला नाही. नळाचे पाणी दोन-चार दिवस लांबण्याची कारणे अनेक असतात. वितरण, गळती, जुन्या वाहिन्या. पण या शहरात पाणी आणि वीज हे दोन स्वतंत्र प्रश्न नाहीत, हे आपल्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना माहीत असते?

येथे एक खबरदारी हवी. ‘जुने ते चांगले, नवे ते वाईट’ असा निष्कर्ष काढण्याची घाई विद्यार्थी करतात आणि अध्यापकही त्यास खतपाणी घालतात. नहरींनी ज्या लोकसंख्येस पाणी दिले ती आजच्या महानगराचा एक लहानसा अंश होती. नहर परत सुरू केली म्हणजे शहराचा पाणीप्रश्न सुटेल, हा विचार आकड्यांच्या कसोटीला उतरत नाही. मात्र नहरीचे पाणी ज्या मुरमातून येते त्याच मुरमावर शेजारच्या विहिरी व बोअर अवलंबून आहेत. पाणलोटावर काँक्रीट पसरले, बोअर खोल गेले आणि वरच्या अंगाने सांडपाणी झिरपू लागले की नहर प्रथम दूषित होते, मग आटते. या अर्थाने नहर ही भूजलाची नाडी आहे, आणि ती पाणीपुरवठा करीत नसली तरी तपासत राहण्याजोगी आहे.

खामचा काठ :

पाणचक्की खाम नदीच्या काठी आहे, त्यामुळे वेगळा प्रवास करावा लागत नाही. उत्तरेच्या डोंगरात उगम पावलेली खाम शहरातून सांडपाणी घेत दक्षिणेकडे वाहते आणि वाळूज परिसरातून पुढे नाथसागराच्या जलाशयास मिळते. हे वाक्य फळ्यावर लिहून त्याखाली बाण काढण्यास सांगावे. नाथसागरातून शहराकडे एक बाण, शहरातून खामेकडे दुसरा, खामेतून पुन्हा नाथसागराकडे तिसरा. जलचक्राची पाठ्यपुस्तकातील आकृती समुद्रापासून सुरू होते आणि समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर आहे. हे तीन बाण काढून झाल्यावर वर्गात काही क्षण शांतता पसरते, आणि मग कोणीतरी विचारतेच की शुद्धीकरण होते ना? होते, परंतु नाल्यांतून नदीत थेट जाणारे सर्वच सांडपाणी कांचनवाडी येथील मलजलशुद्धीकरण केंद्रापर्यंत पोहोचते काय, हे पाहण्यासाठीच काठाने चालावयाचे. अलीकडच्या काळात खामच्या पात्राच्या स्वच्छतेचे व काठाच्या सुशोभीकरणाचे काम झाले आहे. काम झालेला पट्टा आणि न झालेला पट्टा दोन्ही पाहावेत.

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी तीन ठिकाणचे नमुने घ्यावेत. हर्सूलच्या वरच्या अंगाला, पाणचक्कीपाशी आणि शहराच्या खालच्या बाजूस. पाण्यात विरघळलेला प्राणवायू विंकलर पद्धतीने काढता येतो आणि त्याची रसायने कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असतात. मँगनीज सल्फेट व अल्कधर्मी आयोडाइड मात्र नदीकाठीच बाटलीत घालावे. नमुना प्रयोगशाळेत आणेपर्यंत थांबल्यास त्यातील जिवाणू तो प्राणवायू वापरून टाकतात आणि आकडा चुकतो. २५ अंश सेल्सिअसला स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. तो ४ च्या खाली गेला की बहुतेक माशांना तग धरणे कठीण होते. कला व वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी त्याच तीन ठिकाणी रंग, वास, फेस, जलपर्णी, पक्षी आणि काठावरील माणसांचा पाण्याशी असलेला व्यवहार यांची नोंद करावी. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की आकड्याला चेहरा मिळतो.

मूल्यमापनाविषयी थोडेसे. २५ गुणांपैकी निम्मे गुण जागेवर पेन्सिलीने लिहिलेल्या नोंदवहीस द्यावेत आणि टंकलिखित प्रकल्पास उरलेले. नोंदवहीत तारीख, वेळ, हवामान आणि स्वतः काढलेली एक तरी आकृती असावी. मातीचे डाग पडलेली वही नक्कल करून मिळत नाही. भेट एकदाच देता आली तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध योग्य, कारण पावसाळा नुकताच सरलेला असून मुरूम भरलेला असतो. शक्य असल्यास तेच विद्यार्थी मे महिन्यात पुन्हा पाणचक्कीवर न्यावेत आणि हौदात पडणारी धार ऑक्टोबरात जेथून पाहिली तेथूनच पाहण्यास सांगावी.